वाचकांचे प्रश्न: पंचवीस-सहाचा हिशेब

या वेळच्या टपालात कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉलवरची पत्रं सर्वांत जास्त आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामने संपले की दरवर्षी असं होतंच. यंदा मात्र निपाणीपासून खानापुरापर्यंत सगळ्यांची तक्रार एकच: सामना रंगलाच नाही, एकतर्फी झाला. उत्तरं एका प्रशिक्षकांनी आणि एका पंचांनी वाटून घेतली आहेत.

आमच्या मुली २५-६, २५-९ अशा हरल्या. आमच्या दोन्ही स्मॅशर समोरच्यांपेक्षा उंच, तरी सहा स्मॅशसुद्धा धड बसले नाहीत. पहिल्या सेटचे पॉइंट मी वहीत मांडले. समोरच्यांच्या २५ पैकी ९ सर्व्हिसवर सरळ आले. ६ वेळा आमचा पास नेटवरून पलीकडे गेला आणि त्यांनी तो तिथल्या तिथं दाबला. ५ आमच्या चुका, ४ त्यांनी लिफ्ट करून (दुसऱ्या टचला चेंडू उंच उडवून) मारलेले स्मॅश आणि १ रोटेशन, म्हणजे सर्व्हिस परत मिळाली की एकेक जागा फिरण्याचा क्रम, चुकल्याचा. गावात सगळे म्हणतात, स्मॅशर घाबरल्या. खरं काय? (एक वाचक, निपाणी)

वही मांडलीत ते बरं केलंत, उत्तर तिच्यातच आहे. ९ आणि ६ मिळून १५ पॉइंट पहिल्याच टचला गेले. चेंडू स्मॅशरपर्यंत पोचलाच नाही, तर ती घाबरणार कशाला?

आता हे बघा. २५-६ म्हणजे ३१ रॅली. त्यांत तुमच्या मुलींनी सर्व्हिस किती वेळा केली? सहा वेळा, सेटची पहिली सर्व्हिस त्यांचीच असेल तर सात. उरलेल्या २४-२५ वेळा त्या सर्व्हिस घ्यायला उभ्या होत्या. म्हणजे हा सेट जवळजवळ पूर्णच सर्व्हिस घेण्याचा पेपर होता, आणि तयारी बहुतेक कॉलेजांत कशाची होते? सरांनी हातानं चेंडू उडवायचा, मुलींनी रांगेनं येऊन स्मॅश मारायचा. बघायला छान वाटतं. पण सामन्यात तसा चेंडू कुणी उडवून देत नाही.

रॅलीगणिक पॉइंट सुरू होऊन आता पाव शतक झालं, आणि या पद्धतीत कच्चा पास फार महाग पडतो. सर्व्हिस घेणारा संघ दोनपैकी एक रॅली जिंकत असेल तर समोरच्या सर्व्हरला एका पाळीत सरासरी एक पॉइंट मिळतो. चारपैकी एकच जिंकत असेल तर तीन, पाचपैकी एक असेल तर चार. ओळीनं पाच किंवा त्याहून जास्त पॉइंट जाण्याची शक्यता पहिल्या संघाला शंभरात ३, दुसऱ्याला शंभरात जवळजवळ २४. पास थोडा घसरला की धावफलक थोडा घसरत नाही, कोसळतो. म्हणून २५-६ बघून दोन संघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं धरू नका. बऱ्याचदा फरक एकाच कौशल्याचा असतो आणि तो एका हंगामात भरून काढता येतो.

पास कुठं बिघडतो ते सांगतो. खेळाडू चेंडूकडे हात नेते, पाय नेत नाही. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन चवड्यांवर, कोपरं सरळ, आणि चेंडू मनगटाच्या वर चार बोटांवर लागला पाहिजे. अंगठ्यांवर लागला की तो वाटेल तिकडं जातो. दुसरी चूक हात झुलवण्याची. जोरात आलेल्या सर्व्हिसला स्वतःचा वेग असतोच, त्यात हातांची झोळी वर फेकली की चेंडू नेट ओलांडून समोरच्यांच्या ताटात. तुमच्या वहीतले ते ६ पॉइंट बहुधा असेच गेले. जोराच्या सर्व्हिसला हात स्थिर ठेवून थोडे मागं ओढायचे, मंद सर्व्हिसला गुडघ्यांतून उठायचं.

पास जायचा कुठं? नेटपासून साधारण एक मीटर अलीकडं, दोन आणि तीन नंबरच्या (पुढच्या ओळीतल्या उजव्या आणि मधल्या जागेच्या) मधे, नेटच्या वर मीटरभर उंचीनं. तिथं स्टूल ठेवा, स्टुलावर बुट्टी ठेवा. सर्व्हिस मारणारीला आधी एंड लाइनवरून न मारता सहा मीटरवर बाकावर उभी करा, म्हणजे चेंडू सपाट आणि सारख्या जागी येतो. प्रत्येकीनं ३० पास घ्यायचे आणि प्रत्येक पासाला गुण द्यायचे. लिफ्टरला जागेवर उभं राहून तिन्हीकडं देता येईल असा पास असेल तर ३, दोनच पर्याय उरतील तर २, नुसता चेंडू जिवंत राहिला तर १, पॉइंट गेला किंवा पलीकडं गेला तर शून्य. सरासरी दीडच्या खाली असेल तोवर स्मॅशचा सराव निम्मा करा. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला पाऊण तास एवढंच. दोन आठवड्यांनी बाक काढून खऱ्या जागेवरून सर्व्हिस सुरू करा. गुण पहिल्या दिवशी धाडकन खाली येतील, त्यानं खचून जाऊ नका.

आणि त्या दोन उंच मुली? त्यांनाही या रांगेत उभं करा. स्मॅशरला पासातून सूट देणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. समोरचा शहाणा सर्व्हर आधी तिलाच शोधतो.

एका सर्व्हरनं ओळीनं नऊ पॉइंट काढले. टाइमआउट घेतला, मुलींना धीर दिला, उपयोग झाला नाही. अशा वेळी नेमकं करायचं काय? (फिजिकल डायरेक्टर, खानापूर तालुका)

टाइमआउट कितव्या पॉइंटाला घेतलात ते पत्रात नाही. सेटला ३० सेकंदांचे दोनच मिळतात म्हणून बहुतेक जण ते जपून ठेवतात आणि १८-३ झाल्यावर घेतात. तेव्हा तो नुसता पाणी प्यायचा ब्रेक होतो. पहिला टाइमआउट ओळीनं तिसरा पॉइंट जाताच घ्या. त्यात धीर देऊ नका, एकच सूचना द्या: कोण कुठं उभी राहणार.

उभं राहणं म्हणजे काय ते सांगतो. पाच जणींची डब्ल्यू रचना आपल्याकडं सर्रास वापरतात. तिघी पुढं, दोघी मागं, लिफ्टर नेटजवळ. यात मैदान भरलेलं दिसतं, पण दोघींच्या मधल्या फटी वाढतात आणि चेंडू नेमका तिथंच पडतो. पास चांगला असलेल्या तिघी-चौघीच मागं ठेवा, कच्ची खेळाडू नेटजवळ किंवा साइड लाइनला दडवा. मात्र क्रम पाळा. चार नंबरचं (पुढची डावी) पाऊल पाच नंबरच्या (मागची डावी) पुढं हवं, तीन नंबर चार आणि दोनच्या मधे हवी. शेजारच्या जोड्या सांभाळल्या की बाकी कुणी कुठंही सरकली तरी चालतं. त्यांच्या २५ पॉइंटांतला एक रोटेशनच्या चुकीचा असणं हे निपाणीलाच घडतं असं नाही, जवळजवळ प्रत्येक सामन्यात घडतं.

आपल्या भागातली एक अडचण पुस्तकात सापडत नाही. संघात निम्म्या मुली मराठी बोलणाऱ्या, निम्म्या कन्नड. चेंडू दोघींच्या मधे आला की एक ‘माझा’ म्हणते, दुसरी ‘नंदू’ म्हणते. दोघी एकमेकींवर आदळतात, नाहीतर दोघीही थांबतात. कुठली भाषा हा वाद नंतर घाला. शब्द एक ठरवा, तो दोन अक्षरी ठेवा, आणि चेंडू नेट ओलांडायच्या आत ओरडायचा हे सरावातच लावा. ‘सोड’ आणि ‘बिडू’ यांच्याबाबतही तेच.

त्याहून मोठा उपाय दुसऱ्या सेटच्या आधीचा आहे आणि तो फुकट आहे. सेटमध्ये समोरची ठरावीक सर्व्हर नेहमी आपल्या एकाच रोटेशनसमोर येते. दोन्ही संघ पाळीपाळीनं एकेक घर फिरतात, त्यामुळं सेटभर ही जोडी बदलत नाही. पहिल्या सेटमध्ये नऊ पॉइंट गेले ते आपली सगळ्यात कच्ची पासिंग आणि त्यांची सगळ्यात भारी सर्व्हर समोरासमोर आली म्हणून. दुसऱ्या सेटच्या लाइनअप स्लिपमध्ये (कोण कुठल्या जागी उभी राहणार ते लिहून द्यायच्या कागदात) आपला क्रम एक-दोन घरं फिरवून द्या. मात्र पुढच्या सेटला पहिली सर्व्हिस दुसऱ्या संघाकडं जाते, त्यामुळं तीच स्लिप परत दिली तरी जोडी आपोआप एका घरानं सरकते. कागदावर सहा घरं काढा, हिशेब करा आणि मगच स्लिप भरा. समोरच्यांनीही स्लिप फिरवली तर डाव फसतो, पण एकतर्फी जिंकलेला संघ सहसा काही बदलत नाही.

पास अजून कच्चा असेल तर एक लिफ्टर आणि पाच स्मॅशरचा हट्टही सोडा. दोन लिफ्टर समोरासमोर ठेवून चार-दोन खेळलात की एक लिफ्टर कायम पुढच्या ओळीत असते आणि मागून धावत यावं लागत नाही. हल्ला थोडा साधा होतो, पण हल्ला होतो तरी.

माझ्या अंगावर फ्लोटिंग सर्व्हिस आली की मी ती वरून बोटांनी घेते. आमचे सर म्हणतात डबल होईल, खालूनच घे. नियम काय आहे? (खेळाडू, बी.कॉम. दुसरं वर्ष, चिकोडी)

संघाच्या पहिल्या टचला एकाच हालचालीत चेंडू दोनदा लागला तरी डबल धरत नाहीत. तेव्हा सर्व्हिस बोटांनी घ्यायला हरकत नाही. चेंडू हातात पकडून फेकल्यासारखा झाला तर मात्र शिट्टी वाजेल. छातीच्या वर येणारी फिरकी नसलेली सर्व्हिस वरून घेणंच सोयीचं, कारण ती शेवटच्या क्षणी डोलते आणि हात खाली नेईपर्यंत तिची दिशा बदललेली असते. एक पाऊल पुढं ये, बोटं कडक ठेव, कपाळासमोर घे. सरांना हे उत्तर दाखव, पण वाद घालू नकोस. दुसऱ्या टचला, म्हणजे लिफ्ट करताना, डबल धरला जातोच. सरांच्या डोक्यात तोच नियम असावा.

सामना एकतर्फी झाल्यावर जिंकणाऱ्या कॉलेजनं जरा हात आखडता घ्यायला नको होता का? पोरींची थट्टा झाल्यासारखं वाटलं. (एक प्रेक्षक, बेळगाव)

भावना समजते, पण गटवार सामन्यांत हात आखडला तर त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते. समजा, गटात अ, ब आणि क असे तीन संघ आहेत. अ नं ब ला २५-६, २५-९ हरवलं. ब नं क ला २५-२०, २५-२२. क नं अ ला २५-२३, २५-२३. तिघांचा एकेक विजय, सेट दोन जिंकले, दोन हरले. मग बघतात मिळवलेले आणि दिलेले पॉइंट. अ चे ९६ भागिले ६५, म्हणजे १.४८. क चे ९२ भागिले ९६, म्हणजे ०.९६. ब चे ६५ भागिले ९२, म्हणजे ०.७१. अ आणि क पुढं जातात. आता अ नं दया दाखवून दोन्ही सेट २५-२० असे सोडले असते तर ब चा भागाकार ०.९८ झाला असता आणि काही संबंध नसलेला क घरी गेला असता.

यात हरणाऱ्या संघासाठीही गोष्ट आहे. २०-४ मागं असतानाचा पाचवा पॉइंटही गटात मोजला जातो. खांदे पाडू नका म्हणतात ते उगीच नव्हे.

दुसऱ्या फळीच्या मुलींना उतरवणं ही वेगळी बाब, ते जरूर करावं. सेटमध्ये सहा बदल मिळतात. बाहेर गेलेली मूळ खेळाडू एकदाच परत येऊ शकते आणि तीही आपल्याच बदलीच्या जागी. समोर बघून चिडवणं, नेटपलीकडं टाळ्या पिटणं यासाठी पंचांकडं पिवळं कार्ड आहे. उद्धटपणा वाढला तर लाल, आणि लाल दाखवलं की पॉइंट आणि सर्व्हिस दोन्ही समोरच्यांना. बाकी, कडेला उभं राहून मुलींच्या कपड्यांवर बोलणाऱ्या प्रेक्षकांना कुठलंच कार्ड दाखवता येत नाही. तिथं आयोजकांनीच उठावं.

मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचा सामना बघितला. प्रेक्षक अख्खं स्टेडियम भरून, आणि सामना अगदीच एकतर्फी. शिवाय लिबेरो (वेगळ्या रंगाच्या जर्सीतली, फक्त मागं बचाव करणारी खेळाडू) सर्व्हिस करत होती! हे कसं चालतं? (एक वाचक, येळ्ळूर)

तुम्ही बघितलात तो बहुधा ३० ऑगस्ट २०२३ चा, नेब्रास्का विरुद्ध ओमाहा. लिंकन शहरातल्या फुटबॉलच्या स्टेडियमात कोर्ट टाकलं होतं आणि प्रेक्षक होते ९२,००३. निकाल २५-१४, २५-१४, २५-१३. दिसायला चुरा, पण २५-१४ म्हणजे ३९ रॅलींत हरणाऱ्यांनी १४ जिंकल्या, तीनपैकी एकीहून जास्त. आपल्या २५-६ मध्ये पाचपैकी एकही धड येत नाही. एकतर्फीपणातही पायऱ्या असतात त्या अशा. तिथं याहून टोकाचेही नमुने आहेत. पेन स्टेटच्या मुलींनी २००७ ते २०१० मध्ये ओळीनं १०९ सामने जिंकले, आणि त्याच काळात ओळीनं १११ सेटही.

नियम तिथल्या कॉलेजांचे वेगळे आहेत. लिबेरोला एका जागेवरून सर्व्हिस करता येते. सेटला बदल १५ मिळतात. २०२४ पासून दुसऱ्या टचला चेंडू आपल्याच खेळाडूकडं जात असेल तर डबलही धरत नाहीत. आपल्याकडं आंतरराष्ट्रीय नियम चालतात: लिबेरो सर्व्हिस करत नाही, ब्लॉकला उडी मारत नाही, नेटच्या उंचीवरून हल्ला करत नाही. तीन मीटरच्या रेषेच्या आत उभं राहून तिनं बोटांनी लिफ्ट दिली तर तो चेंडू नेटच्या वरून मारता येत नाही. मोबाइल बघून शिकणाऱ्या मुलींचे पॉइंट इथंच जातात.

आमच्याकडं सहाच मुली होत्या. दुसऱ्या सेटमध्ये १४-१९ असताना एकीचा पाय मुरगळला. सामना समोरच्यांना दिला. आमचे पॉइंटही गेले का? (एक वाचक, संकेश्वर)

नाही. जखमी खेळाडूला कायदेशीर बदली नसेल तर तिला सावरायला तीन मिनिटं मिळतात, सामन्यात एका खेळाडूला एकदाच. तरी उभी राहिली नाही तर संघ अपुरा ठरतो. समोरच्यांना जिंकायला लागतील तेवढे पॉइंट आणि सेट देतात, पण तुमचे मिळवलेले तसेच राहतात. तुमचा सेट १४-२५ असा लिहिला जायला हवा. शून्य लिहितात ते संघ आलाच नाही किंवा खेळायला नकार दिला तर. तेव्हा प्रत्येक सेट ०-२५. दोन्हीत फरक आहे आणि भागाकाराच्या वेळी तो महागात पडतो. सही करण्याआधी कॅप्टननं स्कोअरशीट वाचावं.

गावातल्या मैदानावर आमच्या मुली चांगल्या खेळतात. स्पर्धेत स्मॅश नेटमध्ये आणि पास भलतीकडं. (एक पालक, कडोली)

नेट मोजा. मुलींसाठी उंची २.२४ मीटर. गावात एक तर मुलांच्या २.४३ वर बांधलेलं असतं, नाहीतर मधे झोळ पडून २.१० वर आलेलं. बांबूवर २.२४ ची खूण करून तो मधोमध धरायचा, कडेला नव्हे. कडांना दोन सेंटिमीटर जास्त चालतं, त्याहून नाही. वरची दोरी सुतळी असेल तर झोळ पडणारच, तिथं वायर घाला.

चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम, हवा ०.३० ते ०.३२५ किलो, म्हणजे साधारण ४.३ ते ४.६ पीएसआय. सायकलच्या पंपानं टणक केलेला चेंडू हातावरून उसळतो, मऊ चेंडूची सवय असलेली मुलगी स्पर्धेच्या चेंडूवर पास लांब मारते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला तर हात लावू नका. पावसाळ्यात तांबड्या मातीत भिजलेला जुना शिवणीचा चेंडू जड होतो, त्यावर दोन महिने सराव केला की नव्या चेंडूवर सगळे अंदाज चुकतात. स्पर्धेत वापरतात तसला एक तरी चेंडू वेगळा ठेवा आणि शेवटचे पंधरा दिवस त्याच्यावरच खेळा.

मुलगी चांगली खेळते. निपाणीतच शिकवावी की कोल्हापूरला पाठवावी? (एक पालक, निपाणी)

खेळापुरतं सांगायचं तर रहिवास नव्हे, कॉलेज मोजतात. इथल्या कॉलेजात असेल तर ती बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या निवडीला उभी राहील आणि युनिव्हर्सिटी ब्लू झाली, म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवडली गेली, तर दक्षिण विभागात खेळेल. तिथं केरळ-तामिळनाडूचे संघ भेटतात, आणि एकतर्फी म्हणजे काय ते तिथं कळतं. कोल्हापूरला गेली तर शिवाजी विद्यापीठ, म्हणजे पश्चिम विभाग. संघात शिरणं कुठं सोपं हे त्या-त्या वर्षीच्या लिफ्टर आणि स्मॅशरच्या गर्दीवर ठरतं. दोन्हीकडची निवड चाचणी एकदा कडेला बसून बघून या. आणि कॉलेजात रोज सराव होतो की स्पर्धेच्या आधी आठ दिवस, हे तिथल्या शिक्षकांना नव्हे, मुलींना विचारा.

निपाणीच्या वाचकांसारखी वही मांडायची तर कशी? (एक विद्यार्थिनी, हुक्केरी)

पानावर सहा उभी घरं कर, आपल्या सहा रोटेशनची. प्रत्येक गेलेल्या पॉइंटाला त्या घरात एक अक्षर लिही: सर्व्हिसवर सरळ गेला तर ‘स’, पास पलीकडं गेला तर ‘प’, आपली चूक ‘च’, त्यांचा मारलेला स्मॅश ‘म’, रोटेशन चुकलं तर ‘र’. शेजारी त्या वेळी सर्व्हिस करणाऱ्या समोरच्या खेळाडूचा जर्सी नंबर. पहिला सेट संपला की ज्या घरात ‘स’ आणि ‘प’ची गर्दी असेल त्यावर बोट ठेव आणि पान सरांच्या हातात दे. मधे तीनच मिनिटं असतात, तेवढ्यात स्लिप भरायची असते.